सोडलेला एक

"मुलांना खोटं मोजायला कुणी शिकवलं, आबा?"

आबांनी मान वर केली नाही. जाळ्याचं हातातलं भोक सांधून पुरं केलं, दोरा दाताने तोडला.

"चपला," ते म्हणाले.

शाल्मली चपलांसकट पडवीवर चढली होती. ती खाली उतरली, चपला काढल्या, पुन्हा वर आली. एवढ्या वेळात राग थोडा तरी उतरायला हवा होता. तो उतरला नव्हता.

"मी काहीतरी विचारतेय."

"आयकलंय. बस."

ती बसली नाही.

भिकाजी तारी एके काळी तांडेल होते, म्हणजे होडीवर शेवटचा शब्द त्यांचा. आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. होडीवर जाणं सोडून खूप वर्षं झाली. पडवीत बसून दुसऱ्यांची जाळी सांधतात. तिथून खाडीचं आतलं वळण दिसतं. सगळं गाव त्यांना आबा म्हणतं.

शाल्मली पुण्याची. या खाडीतल्या डॉल्फिनवर तिचा अभ्यास. इथले लोक डॉल्फिनला गादा म्हणतात. चार वर्षांपूर्वी ती आली तेव्हा तिला लाट कुठली आणि गाद्याची पाठ कुठली हेही कळत नव्हतं. ते तिला आबांनी शिकवलं. पाणी कुठे सुरकुततं, पक्षी एकदम का उठतात, गाद्याचा श्वास वारा असतानाही कसा ऐकायचा. पुढे एका मोठ्या परिषदेत तिने पडद्यावर आबांचा फोटो लावला आणि खाली लिहिलं, 'माझे गुरू'. आबांना हे माहीत नाही. माहीत झालं असतं तर त्यांनी एवढंच विचारलं असतं, की फोटोत सदऱ्याचं बटण उघडं का आहे.

मग तिला वाटलं, आपण शिकलो ते गावातल्या मुलांनीही शिकावं. अकरा मुलं गोळा झाली. एक दुर्बीण, एक नोंदवही. दर रविवारी भरतीच्या वेळी अर्धा तास जेटीवर बसायचं, गादे मोजायचे, तारीख आणि वारा आणि आकडा लिहायचा. एकदा वर आलेला तोच पुन्हा वर आला, तर पुन्हा मोजायचा नाही. हा नियम तिने पहिल्याच दिवशी घोटून घेतला होता. वहीच्या पानाचा फोटो रविवारी दुपारी पुण्याला पोचायचा. मूल मोजायला लागलं की जपायलाही लागतं, असं ती भाषणात सांगायची. लोक टाळ्या वाजवायचे.

दोन वर्षांत शहाण्णव नोंदी झाल्या.

थंडीत अधूनमधून ती स्वतः यायची. ती आली की मोजायची तीच, मोठ्यांदा, आणि मुलं फक्त लिहायची. आज सकाळी मात्र तिचा घसा बसला होता. म्हणून ती जेटीच्या कडेला गप्प बसून राहिली. दोन वर्षांत पहिल्यांदाच ती मुलांजवळ गप्प बसली होती.

आतल्या वळणावर एक गादा वर आला. पाठीवरचा पर फाटलेला. एकटाच. अकराच्या अकरा मुलांनी पाहिला. अर्धा तास संपला तेव्हा दहा वर्षांच्या मनवाने वहीत आकडा लिहिला.

शून्य.

मग तिने वाळूतला एक शिंपला उचलला आणि जेटीच्या वर राखणदार देवाची घुमटी आहे, तिथल्या मडक्यात नेऊन टाकला.

"ताई, एक सोडूचो असता," मनवा सहज म्हणाली होती. "आबांनी सांगितल्यानी."

म्हणून शाल्मली चपलांसकट पडवीवर चढली होती.

"मीच सांगितलंय," आबा म्हणाले.

"पाच दिसले तर चार?"

"चार."

"दोन दिसले तर एक?"

"एक."

"आणि एकच दिसला, तर..."

आबांनी सुईत नवा दोरा ओवला.

"आणि एकही दिसला नाही तर?"

"तरी शून्यच. नाय त्यातना काय सोडूचा?"

शाल्मलीला हसू आलं नाही. बसक्या आवाजात रागावता येत नाही नीट, त्यामुळे ती आणखी रागावली.

"माझी दोन वर्षं तुम्ही पाण्यात घातलीत, आबा. दोन वर्षं! एकसुद्धा आकडा खरा नाही."

"वरसां तुझी?" आबांनी पुढचं भोक हातात घेतलं. "रविवार पोरांचे होते."

"मी त्यांना नीट शिकवलं होतं."

"मोजूक शिकवलंस. पोरां कशी मोजतत, ता इचारलंस?"

...

"इचारूक नाय," आबांनीच उत्तर दिलं.

शाल्मली खाली बसली. खांबाला पाठ टेकली. समोर खाडी भरून आली होती आणि एक रिकामी होडी दोरीला धरून हळूहळू फिरत होती.

"का सोडायचा एक?"

"आमच्यात सगळा मोजनत नाय. जाळ्यातले मासे नाय. घरातली पोरां नाय. होडयेतली माणसां नाय. एक सोडतत."

"सोडला नाही तर?"

"कमी होता."

"आबा, तुम्ही मला वारा शिकवलात, भरती शिकवलीत. हे असलं तुम्ही खरंच मानता?"

आबांनी जाळं मांडीवरून बाजूला केलं. हात रिकामे झाले की म्हातारी माणसं ते कुठे ठेवावे या विचारात पडतात. आबांनी ते गुडघ्यांवर ठेवले.

"एकोणीस वर्षां झाली. जेटयेर एक सायेब होतो, कागद घेवन. होडयेत किती माणसां, म्हणान इचारल्यान. मी सा म्हटलंय. तेनी आपणच मोजल्यान आणि माझ्यार वरडलो. सात आसत, खोटा कशाक सांगतंस? मगे मी सात सांगितलंय."

...

"सात सांगान गेललंय. सा घेवन इलंय."

"सातवा?"

"माझो झील. वसंत."

चार वर्षं शाल्मली या पडवीत चहा पीत होती. आत भिंतीवर हार घातलेला एक फोटो आहे हे तिने पाहिलं होतं. कोणाचा ते तिने विचारलं नव्हतं; आबांना मुलगा होता हेच तिला माहीत नव्हतं.

तिने आत, त्या फोटोकडे पाहिलं.

"मोजल्यामुळे माणूस बुडत नाही, आबा," ती शेवटी हळूच म्हणाली.

"माका म्हायत आसा. त्या दिसाक वारो सुटललो. म्हायत आसा माका."

"मग?"

"म्हायत असान काय होता?"

शाल्मलीने वही मांडीवर उघडली, मिटली, पुन्हा उघडली. जे सांगायला ती आली होती ते तिने अजून सांगितलंच नव्हतं. रागाच्या भरात मुद्दा राहून जातो. आता राग गेला होता आणि मुद्दा तेवढा उरला होता.

"उद्या अकरा वाजता तालुक्याला सुनावणी आहे," ती म्हणाली. "आतल्या खाडीत पंप लावून रेती काढायची परवानगी मागितलीय कुणीतरी. माझा अहवाल तिथे आधीच गेलाय. त्यात मी लिहिलंय, गादे फक्त थंडीत येतात, तेव्हा थंडीचे चार महिने पंप बंद ठेवा. बाकीच्या महिन्यांना हरकत नाही."

"हरकत नाय?"

"बाकीच्या महिन्यांत खाडी रिकामी असते."

"कोणी सांगल्यान?"

"तुमच्या शून्यांनी."

आबांनी आतल्या वळणाकडे पाहिलं. फाटक्या पराचा तो गादा त्यांना रोज दिसत असे. बाकीचे थंडीत यायचे आणि जायचे. हा बारा महिने इथेच. गाव त्याला तुटको म्हणायचं. पण परक्यासमोर ते नाव कोणी घेत नसे.

"शून्य म्हणजे कोण नाय?" त्यांनी विचारलं.

"कागदावर तेवढंच होतं त्याचं."

"आमच्यात शून्य म्हणजे... सांगूचो नाय तो."

"मला ते आज कळलं."

"पंप लागलो, तर तेचा काय?"

"गढूळ पाण्यात त्याला डोळ्यांनी दिसत नाही फारसं. तो आवाजावर चालतो. दिवसभर पंप वाजत राहिला तर त्याला वाट सापडणार नाही, मासा सापडणार नाही. एक तर निघून जाईल, नाहीतर..."

आबांचे ओठ हलले, पण शब्द मागाहून आले.

"तेका राखूक सोडललंय," ते म्हणाले. "राखूक."

मला वाटतं, त्या दिवशी पडवीत सगळ्यात मोठी चूक कोणाची हे दोघांनाही ठरवता आलं नसतं. एकाने जपायचं म्हणून गादा आकड्यातून वगळला होता. दुसरीने आकडाच खरा मानून तो पाण्यातूनही वगळून टाकला होता.

मग शाल्मली एकदम ताठ बसली.

"आबा, त्या मडक्यात काय आहे?"

"सोडलेले."

"दर वेळी एक शिंपला?"

"गादो दिसलो तर. नाय दिसलो तर नाय."

"दोन वर्षं? एकदाही न चुकता?"

"मनवा चुकाची नाय."

शाल्मलीचं डोकं भराभर चालायला लागलं. ते तसं चालायला लागलं की तिला आजूबाजूचं दिसत नाही. वहीत अडतीस रविवारी आकडा होता, अठ्ठावन्न रविवारी शून्य. शिंपला मात्र गादा दिसल्या दिवशीच पडलेला. म्हणजे मडक्यातले शिंपले मोजले आणि त्यातून अडतीस वजा केले, की शून्यांच्या आड किती वेळा तो एकटा होता ते कळणार. नेमकं कळणार! दोन वर्षं वाया गेलेली नव्हती. ती मडक्यात होती.

"तुम्ही कधी मोजलेत ते?"

"नाय."

"मी मोजू?"

आबांनी जाळं पुन्हा मांडीवर ओढलं.

"मोजूचा तर मोज. माका आकडो सांगू नको."

घुमटीपाशी सावली होती. शाल्मलीने ओढणी पसरली आणि मडकं हलकेच उपडं केलं. शिंपले खुळखुळत बाहेर आले. काही पांढरे, काही जांभळट, तळाशी असलेले शेवाळलेले. ती दहा-दहाचे ढीग लावायला लागली.

दुसऱ्या ढिगावर असताना मुलं आली. जवळ कोणी आलं नाही. माडाखाली उभी राहिली.

"ताई, नको," मनवा म्हणाली.

"अगं, काही होत नाही. हे बघ, आपल्याला त्या फाटक्या पराच्या गाद्याला वाचवायचंय ना? मग तो किती वेळा आला ते कळायला नको?"

"सगळे मोजलास तर तो मरतलो."

"मोजल्यामुळे कोणी मरत नाही, मनवा. मी शिकवलंय ना तुम्हाला, प्रश्न विचारायचे, पुरावा बघायचा."

मनवाने विचार केला. शिकवल्याप्रमाणे प्रश्न विचारला.

"मगे आबांचो वसंतकाका?"

एक शिंपला शाल्मलीच्या बोटांत तसाच राहिला. मग तिने तो ढिगात ठेवला आणि पुढचा उचलला.

मला इथे तिचा राग येतो. पण खरं सांगायचं तर तिच्या जागी मीही मोजलं असतं. उद्या अकराला सुनावणी होती.

सात ढीग झाले आणि वर नऊ. एकोणऐंशी. त्यातून अडतीस गेले, उरले एक्केचाळीस. एक्केचाळीस रविवारी तुटका या पाण्यात होता आणि वहीने सांगितलं होतं की कोणी नाही. खरोखर रिकामी खाडी दोन वर्षांत फक्त सतरा वेळा.

तिने आकडा वहीत लिहिला, दोनदा पडताळला. शिंपले पुन्हा मडक्यात भरले. मान वर केली तेव्हा मनवा घुमटीपाशी आली होती. तिने गळ्यातली दुर्बीण काढली आणि खुंटीला अडकवली. मागच्या मुलाने खिशातली पेन्सिल काढून दगडावर ठेवली. एकेक करून मुलं निघून गेली. कोणी पळालं नाही, कोणी रडलं नाही. शाल्मलीला वाटलं, रडली असती तर बरं झालं असतं.

संध्याकाळी ती पुन्हा पडवीत आली. चपला खालीच काढल्या.

"आकडा मिळाला, आबा."

"सांगू नको."

"नाही सांगत. मुलं... मुलं आता मोजणार नाहीत. मी घरोघर जाऊन आले. मनवा बोललीसुद्धा नाही माझ्याशी. आत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली."

आबांनी दिव्याची वात थोडी वर केली. वीज गेली होती.

"मोजलंस," ते म्हणाले, "आणि कमी झाला."

शाल्मलीने तोंड ओंजळीत धरलं. तिला वाद घालता आला असता. हे वेगळं आणि ते वेगळं, असं म्हणता आलं असतं. तिने म्हटलं नाही.

"आणि उद्या तिथे मी काय सांगू? मडक्यात शिंपले आहेत म्हणून? हसतील मला. वही बंद आणि मडकं उघडं. कोण मानणार?"

आबांनी दिवा तिच्याजवळ सरकवला.

"काय करू, आबा?"

चार वर्षांत तिने त्यांना शेकडो प्रश्न विचारले होते. प्रत्येक प्रश्नाच्या पोटात तिचं स्वतःचं उत्तर तयार असायचं, ते फक्त बरोबर आहे का एवढंच हवं असायचं. या प्रश्नाच्या पोटात काही नव्हतं. आबांना ते समजलं असावं. त्यांनी पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं.

"सकाळची भरती कितक्याक?"

"सात पन्नासला."

"मगे जा. नीज."

सकाळी सात वाजता जेटीवर शाल्मली एकटी होती. खांद्याला पिशवी, पिशवीत अहवाल. नऊच्या एसटीने निघायचं होतं. शाळेत जाता जाता मुलं आली, पण जेटीवर आली नाहीत. शाळेचे गणवेश घालून, दप्तरं पाठीला लावून, उपड्या होडीच्या आडोशाला ओळीने बसली. खाडीकडे पाठ करून.

तिने हाक मारली नाही. हाक मारायला घसाही नव्हता.

मग वरच्या पायऱ्यांवर काठीचा आवाज आला.

आबा उतरत होते. एकेक पायरी, एकेक थांबा. मासे निवडणाऱ्या बायकांचे हात थांबले. एकोणीस वर्षं ते पडवीतून खाडी बघत आले होते. या जेटीवर त्यांनी पाऊल ठेवलं नव्हतं.

घुमटीपाशी ते थांबले. खुंटीवरची दुर्बीण काढली. दगडावरची पेन्सिल उचलली. होडीपाशी आले आणि दुर्बीण मनवाच्या गळ्यात घातली, पेन्सिल तिच्या हातात दिली. मग पुढे चालायला लागले.

मनवा उठली. तिच्या मागून बाकीची दहा.

आबा जेटीच्या टोकाला जाऊन उभे राहिले. शाल्मलीने वही मनवाच्या हातात दिली आणि स्वतः चार पावलं मागे सरकली. पाणी चढत होतं. खांबावरच्या कालवांच्या रेषेला टेकायला वीतभर राहिलं होतं.



वळणावरच्या कांदळवनातून एक बगळा उठला. आबांची मान तिकडे वळली, शाल्मलीचीही वळली. पाणी सुरकुतलं... एक श्वास ऐकू आला, ओल्या कापडाच्या झटक्यासारखा... आणि करडी पाठ वर आली. पाठीवर फाटलेला पर.

अकरा मुलांनी पाहिलं आणि अकरा मुलांनी तोंडं मिटून घेतली.

पाठ बुडाली.

मनवाने वही उघडली. पेन्सिल सवयीने गोल वळायला निघाली.

"एक," आबा म्हणाले.

आवाज मोठा नव्हता. पण पायऱ्यांवरच्या बायकांनाही ऐकू गेला.

मनवाने वर पाहिलं. "आबा... तो सोडूचो ना?"

"लिव."

"आबा, पण तो..."

"लिव गो. एक."

मनवाने लिहिलं. उभी रेघ वाकडी आली. लिहून झाल्यावर तिने पेन्सिल मुठीत घट्ट धरली आणि पाण्याकडे पाहायला लागली. सगळीच पाहायला लागली.

पाणी सपाट होतं.

एक मिनिट गेलं. दोन गेली. शाल्मलीच्या मनगटावर घड्याळ होतं. गादा चार-पाच मिनिटंसुद्धा श्वास धरून राहू शकतो, हे तिने स्वतः मोजलेलं होतं, छापलेलं होतं. तिला ते माहीत होतं. तरी ती पुन्हा पुन्हा घड्याळाकडे बघत होती. माहीत असून काय होतं, हे आबांनी काल विचारलं होतं आणि तिने तेव्हा ते नुसतं ऐकलं होतं.

तीन मिनिटं.

आबांनी काठी दोन्ही हातांनी धरली होती. ते पाण्याकडे बघत होते, पण आतल्या वळणाकडे नाही. ते बघत होते खाडीच्या तोंडाकडे, जिथून होड्या परत येतात.

मनवा रडायला लागली. आवाज न करता.

चार मिनिटं.

...

शाल्मलीला वाटलं, पुढे व्हावं, पोरीला जवळ घ्यावं, काहीतरी समजावून सांगावं. ती हलली नाही. आज समजावून सांगण्यासारखं तिच्याजवळ काही नव्हतं.

मग पार पलीकडच्या काठाला, कुणाचं लक्षही नव्हतं तिथे, श्वास ऐकू आला.

करडी पाठ. फाटका पर.

"आबा!" मनवा किंचाळली. "आबा, इलो! तो बघा, इलो!" मुलं एकमेकांना हलवायला लागली, पायऱ्यांवरून कोणीतरी मोठ्याने हसलं, आणि मनवाने डोळे पुसायच्या आधीच वही उघडून पेन्सिल टेकवली.

आबांनी हात त्या पानावर ठेवला.

"तोच आसा," ते म्हणाले. "परत मोजू नको."